खोलीला रंग दिलाय पण वास जात नाहीये? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगकाम झालं, खोली छान दिसतेय, पण आत पाऊल टाकलं की नाकाला झोंबतंय आणि पाच मिनिटांत डोकं धरतंय. घर रंगवलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे होतं. इथे तेच प्रश्न घेतलेत जे लोक परत परत विचारतात. घाई असेल तर हवा कशी खेळवायची तो प्रश्न आधी वाचा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, कारण खरं काम तिथंच होतं.

हा वास नेमका कशाचा असतो?

डब्यातल्या रंगात तीन मुख्य गोष्टी असतात. रंग देणारी पूड, ती भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग, आणि हे सगळं पातळ ठेवणारं द्रव. भिंतीवर हात मारला की ते द्रव हवेत उडून जायला लागतं आणि तेच आपल्या नाकात जातं. ऑईलपेंटमध्ये हे द्रव म्हणजे टर्पेंटाईनसारखं सॉल्व्हंट. पाण्याच्या इमल्शनमध्ये मुख्यतः पाणीच असतं, पण रंगाचा थर नीट जुळून यावा म्हणून थोडी ग्लायकॉल वगैरे रसायनं, थोडा अमोनिया किंवा त्याच्यासारखं काहीतरी, आणि डब्यात रंग सडू नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घातलेले असतात. खोलीच्या तापमानाला उडून जाणाऱ्या अशा रसायनांना मिळून व्हीओसी म्हणतात, डब्यावर हा शब्द दिसतो तो हाच.

एक गोष्ट इथंच डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. वास म्हणजे भिंतीतून बाहेर पडणारा खराखुरा पदार्थ आहे. त्याला घराबाहेर जायला वाट दिली तरच तो संपतो, झाकला तर तो आहे तिथंच राहतो.

किती दिवस वास राहणं नॉर्मल आहे?

पाण्याचा इमल्शन असेल तर उग्र वास दोन-तीन दिवसांत उतरतो आणि हलका वास आठवडा-दोन आठवडे राहू शकतो. ऑईलपेंटचा वास दोन-तीन आठवडे सहज राहतो, आणि हवा कोंदट असेल किंवा थर जाड बसले असतील तर त्याहूनही जास्त. लाकडावरच्या पॉलिश आणि लॅकरचं ज्याच्या त्याच्या प्रकारावर आहे, काही दोन दिवसांत शांत होतात, काही महिनाभर नाकात बसतात.

दिवस मोजण्यापेक्षा वास रोज कमी होतोय का ते बघा. थोडा थोडा कमी होत असेल तर काळजीचं कारण नाही. आठवडाभर जसाच्या तसा असेल तर मात्र कुठेतरी काहीतरी अडलंय.

हात लावला तर रंग सुकलेला लागतो, मग वास का येतोय?

कारण सुकणं वेगळं आणि मुरणं वेगळं. इमल्शन तास-दोन तासात हाताला सुका लागतो पण आतून पूर्ण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे घेतो, तोपर्यंत आत अडकलेलं थोडं थोडं बाहेर येतच राहतं. ऑईलपेंटची गोष्ट तर अजून वेगळी आहे, तो नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातूनच तो कडक होतो, आणि ही क्रिया चालू असताना नवीन वासाची रसायनं तयार होतात. म्हणजे टर्पेंटाईन उडून गेल्यावरसुद्धा तो जुनाट तेलासारखा एक वास येत राहतो तो या क्रियेचा. म्हणूनच ऑईलपेंट दिलेली खोली बंद करून ठेवणं दोन्हीकडून तोट्याचं, वास बाहेर जात नाही आणि ताजी हवा न मिळाल्याने रंगही लवकर मुरत नाही.

खिडक्या दिवसभर उघड्या असतात तरी फरक नाही, काय चुकतंय?

बहुतेक वेळा खिडकी उघडी असते पण हवा हलत नसते. एकच खिडकी उघडी आणि दार बंद, म्हणजे हवेला आत यायला वाट आहे पण बाहेर जायला नाही, ती तिथल्या तिथं घुटमळते. हवेला एक येण्याची आणि एक जाण्याची अशा दोन वाटा लागतात, त्याही शक्यतो समोरासमोर.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे टेबल फॅन किंवा पेडेस्टल फॅन खिडकीजवळ ठेवायचा आणि त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करायचं. बरेच लोक फॅन खोलीकडे तोंड करून लावतात, त्याने आतली हवा आतच फिरते आणि वास घरभर पसरतो. तोंड बाहेर केलं की फॅन वासाची हवा बाहेर ढकलतो आणि तिची जागा घ्यायला दारातून किंवा समोरच्या खिडकीतून ताजी हवा आपोआप आत येते. फॅनच्या आजूबाजूची खिडकीची मोकळी जागा पुठ्ठ्याने झाकली तर अजून चांगलं, नाहीतर बाहेर टाकलेली हवा बाजूच्या फटीतून परत आत येते. याचा अजून एक फायदा असा की खोलीतली हवा कायम बाहेरच ओढली जाते त्यामुळे वास बाकीच्या घरात जात नाही, ज्यांना शेजारच्याच खोलीत झोपायचंय त्यांना हे फार उपयोगी पडतं.

खोलीला एकच खिडकी असेल तर दार उघडं ठेवा, घरातली दुसरी कुठलीतरी खिडकी उघडा आणि फॅन रंगवलेल्या खोलीच्या खिडकीत बाहेर तोंड करून लावा. खिडकीच नसेल तर बाथरूमचा किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावून दारं अशी उघडी ठेवा की हवा त्या दिशेने ओढली जाईल. सीलिंग फॅन चालू ठेवायला हरकत नाही, त्याने भिंतीजवळची साचलेली हवा हलते, पण एकट्या सीलिंग फॅनने वास घराबाहेर जात नाही हे लक्षात ठेवा. आणि खिडकीच्या जाळ्या धुळीने भरल्या असतील तर आधी त्या धुवून घ्या, भरलेली जाळी हवा चांगलीच अडवते.

फक्त रंग अजून ओला असताना फॅन थेट भिंतीवर मारू नका. धूळ चिकटते, आणि ऑईलपेंट असेल तर वरचा थर पटकन धरतो आणि खालचं सॉल्व्हंट आत अडकून बसतं. रंग हाताला सुका लागला की मग खुशाल लावा.

एसी लावला तर वास जाईल का?

नाही. घरातले बहुतेक एसी, विशेषतः स्प्लिट, खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीतच सोडतात, बाहेरची हवा आत घेत नाहीत. उलट एसीसाठी तुम्ही खिडक्या बंद करता आणि थंडाव्यामुळे रसायनं उडायचा वेगही कमी होतो, म्हणून वास कमी झाल्यासारखा वाटतो आणि एसी बंद केला की परत येतो. सुरुवातीचे काही दिवस एसी बंद आणि खिडक्या उघड्या हेच बरं.

हवा दमट आहे किंवा बाहेर खूप थंडी आहे, मग?

दमट हवेत पाण्याचा रंग हळू सुकतो, म्हणून वासही लांबतो. डीह्युमिडिफायर असेल तर वापरा, तो नुसती हवेतली ओल काढतो पण त्यामुळे रंग लवकर सुकतो आणि ते आपल्याला हवंच आहे. बाहेर पाऊस कोसळत असेल तर थांबल्यावर खिडक्या उघडा, एक्झॉस्ट मात्र चालू ठेवा.

थंडीत खिडकी दिवसभर उघडी ठेवणं शक्य नसतं, अशावेळी दिवसातून चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटं सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या आणि मधल्या वेळात खोली जरा उबदार ठेवायची. ऊब असली की रसायनं जास्त वेगाने बाहेर पडतात आणि मग खिडकी उघडली की एकदम निघून जातात. पण ऑईलपेंट किंवा थिनरचं काम ताजं असताना उघड्या ज्वाळेचा किंवा लाल तापणाऱ्या तारेचा हीटर त्या खोलीत अजिबात नको, सॉल्व्हंटची वाफ पेट घेते.

कांदा कापून ठेवणं, पाण्याची बादली, मीठ, सोडा, व्हिनेगर, यातलं खरंच काय चालतं?

यावर सगळ्यात जास्त विचारतात म्हणून एकेक बघू.

कांद्याने वास शोषला जात नाही. कांद्याचा वास इतका तीव्र असतो की नाक रंगाचा वास विसरतं, एवढंच. पाण्याच्या बादलीत पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टी थोड्या उतरतात, म्हणजे इमल्शनमधला अमोनिया किंवा ग्लायकॉल, पण टर्पेंटाईन पाण्यात विरघळत नाही त्यामुळे ऑईलपेंटसाठी बादली ठेवून काही होत नाही. व्हिनेगर आम्ल असल्याने अमोनियाचा वास थोडा मारतं, म्हणून काहींना इमल्शनच्या खोलीत फरक जाणवतो. सोडा आंबूस वासांवर बरा आहे पण सॉल्व्हंटवर त्याचा फारसा जोर चालत नाही. मिठाचं तर काहीच नाही.

यातलं काही करायचं असेल तर करा, नुकसान नाही. पण बादली ठेवली म्हणून खिडकी बंद करून झोपलात तर ते मात्र चुकीचं होईल.

कोळसा ठेवला तर?

कोळशाचं ऐकण्यासारखं आहे, फक्त कोळसा कुठला ते महत्त्वाचं. शेगडीत जाळायचा साधा कोळसा फार कमी काम करतो. ॲक्टिव्हेटेड कोळसा वेगळा, त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की १ ग्रॅममध्ये आतलं क्षेत्रफळ ५०० चौरस मीटरच्या वर भरतं आणि सॉल्व्हंटची वाफ या छिद्रांमध्ये चिकटून बसते. पण नुसती वाटी कोपऱ्यात ठेवली तर तिच्याजवळून जाणारी हवाच शोषली जाणार, म्हणून मोठ्या खोलीत त्याचा जीव पुरत नाही. कपाट, ड्रॉवर, पेटी अशा बंद छोट्या जागेत मात्र तो मस्त काम करतो. अमोनिया आणि फॉर्माल्डिहाईड (प्लायवूडच्या गोंदातून येणारा, डोळ्यांना झोंबणारा वायू) मात्र साधा ॲक्टिव्हेटेड कोळसा नीट धरत नाही, हेही माहिती असू द्या.

एअर प्युरिफायर आहे घरात, तो चालेल?

आत कुठला फिल्टर आहे त्यावर आहे. हेपा फिल्टर धूळ, परागकण असे कण पकडतो, वायू त्यातून आरपार जातो आणि रंगाचा वास वायूच आहे. कार्बन फिल्टर जाड, किलोभर वजनाचा असेल तर उपयोग होतो, पण बऱ्याच प्युरिफायरमध्ये नुसती काळी पातळ चटई असते ती थोड्याच दिवसांत भरून जाते.

आणि ओझोन सोडणारी मशीन कृपा करून वापरू नका. ओझोन स्वतः फुफ्फुसाला त्रास देतो, आणि हवेतल्या रसायनांशी त्याची क्रिया होऊन फॉर्माल्डिहाईडसारखे नवीन त्रासदायक पदार्थ तयार होऊ शकतात. वास गेल्यासारखा वाटेल पण हवा जास्त खराब झालेली असेल.

झाडं ठेवली तर हवा शुद्ध होते ना?

ही समजूत आली १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासातून, पण तो अभ्यास छोट्या बंद पेट्यांमध्ये केला होता, घरात नाही. २०१९ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा निघालं की खिडकी-दारातून जी हवा आपोआप बदलते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. झाडं आवडतात म्हणून जरूर ठेवा, पण ताज्या रंगाच्या खोलीत ती नका ठेवू, त्यांनाही त्रास होऊ शकतो.

रूम स्प्रे, सुगंधी मेणबत्ती, उदबत्ती?

नको. एका रसायनावर दुसरं रसायन चढवल्यासारखं होतं, डोकं जास्त दुखतं, आणि ताज्या सॉल्व्हंटच्या खोलीत ज्योत पेटवणं हा सरळ आगीचा धोका आहे.

पडदे, गादी, सोफा खोलीतच होते, आता त्यांनाच वास येतोय

कापड, फोम, कार्पेट ही सगळी वास पिऊन ठेवतात आणि नंतर आठवडेच्या आठवडे हळूहळू सोडत राहतात. भिंत केव्हाच शांत झालेली असते आणि आपण भिंतीला दोष देत बसतो. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे धुवून टाका, गादी आणि सोफ्याच्या उशा दोन-तीन दिवस उन्हात किंवा वाऱ्यात बाहेर ठेवा. पुढच्या वेळी रंगकामाआधीच हे सगळं बाहेर काढा, प्लॅस्टिकने झाकलं तरी शिंतोडे थांबतात, वास थांबत नाही. खिडकीची फळी, पंख्याची पाती, टेबल असे कडक पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून घ्या. ताजी भिंत मात्र पुसू नका, निदान तीन-चार आठवडे तरी.

कपाटाला आतून रंग दिलाय, उघडलं की उग्र वास येतो

हे सगळ्यात चिवट प्रकरण. आत हवाच फिरत नाही, आणि वर आपण लगेच कपडे भरतो. दारं सताड उघडी, ड्रॉवर बाहेर काढून वेगळे ठेवलेले, आणि समोर एक छोटा फॅन, असं किमान दोन आठवडे तरी जाऊ द्या. रंग मुरला की मग आत ॲक्टिव्हेटेड कोळशाच्या पिशव्या ठेवा.

कपाट नवीन असेल तर वास रंगाचा नसेलही. प्लायवूड, एमडीएफ जोडणाऱ्या गोंदातून फॉर्माल्डिहाईड येतं, त्याने डोळे चुरचुरतात आणि ते महिनोन् महिने येत राहतं. अशा वेळी फळ्यांच्या उघड्या कडा आणि मागची कच्ची बाजू सील करून घेतली तर फरक पडतो.

सकाळी वास नसतो, दुपारी येतो. आणि मला येत नाही पण बाहेरून येणाऱ्याला येतो. असं का?

दुपारी भिंत तापते, तापली की रसायनं जास्त उडतात, म्हणून दुपारचा वास खरा धरा आणि खिडक्या त्याच वेळी जास्त उघड्या ठेवा. दुसरं म्हणजे नाक दमतं. थोडा वेळ एकाच वासात बसलं की मेंदू त्याची नोंद घेणं सोडून देतो. तपासायचं असेल तर अर्धा तास मोकळ्या हवेत फिरून या आणि आत शिरताना पहिल्या दोन श्वासांत काय जाणवतं ते बघा.

त्या खोलीत झोपलं तर चालेल का? घरात बाळ आहे

मोठ्या, तब्येतीने चांगल्या माणसाने इमल्शनच्या खोलीत निदान दोन-तीन रात्री तरी झोपू नये, ऑईलपेंट असेल तर उग्र वास उतरेपर्यंत. तान्ही बाळं, गरोदर बाई, दमा असलेले, वयस्कर माणसं यांच्यासाठी अजून थांबा, वास जवळजवळ जाईपर्यंत. बाळाची खोली बाळ यायच्या महिना-दोन महिने आधीच रंगवून घ्या, आणि रंग देण्याचं काम गरोदर बाईने करू नये.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, डोळ्यातून पाणी येणं असं काही झालं तर लगेच मोकळ्या हवेत जा. श्वास लागला किंवा छातीत घरघर व्हायला लागली तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. धुळीचा मास्क घालून खोलीत थांबू नका, तो कण अडवतो, वाफ अडवत नाही.

पाळीव पक्षी असतील तर त्यांना रंग लागायच्या आधीच घरातून दुसरीकडे हलवा, त्यांचं श्वसन फार नाजूक असतं. माशांची टाकी हलवता येत नसेल तर झाका आणि काम चालू असताना हवेचा पंप शक्य तितका वेळ बंद ठेवा, कारण पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. मासे जास्त असतील तर फार वेळ बंद ठेवून चालणार नाही, मग पंपच दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी जोडा.

महिना उलटला, सगळं करून झालं, तरी वास आहेच

आता हवा खेळवत बसण्यापेक्षा वास कुठून येतोय ते शोधा. आमच्याकडे तीन आठवडे झाले तरी वास हलत नव्हता, भिंतीचा हात नीट सुकला नसेल म्हणून आम्ही फॅनवर फॅन लावत होतो, आणि शेवटी कपाट सरकवल्यावर मागे थिनरच्या डब्यात बुडवलेला ब्रश सापडला, डबा अर्धा भरलेला. म्हणून आधी खोलीचा कोपरा न् कोपरा बघा, पोटमाळा बघा, झाकण नीट न बसलेले डबे बघा.

काही सापडलं नाही तर भिंतीवर वेगवेगळ्या ठिकाणी ॲल्युमिनियम फॉईलचे तळहाताएवढे तुकडे कागदी चिकटपट्टीने चारही बाजूंनी लावा, एक दिवस ठेवा, मग फॉईल काढून लगेच तिथं हुंगा. कुठली भिंत वास मारतेय ते कळतं. छोट्या वस्तू रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या आणि सकाळी उघडून वास घेतला तरी तसंच कळतं.

वास कसा आहे यावरूनही बरंच ओळखता येतं. कुजलेल्या अंड्यासारखा किंवा आंबूस असेल तर रंग डब्यातच खराब झालेला असणार, जुन्या पाण्याच्या रंगात जिवाणू वाढतात आणि तो भिंतीवर लावला की वास महिनोन् महिने जात नाही. मातकट, कोंदट असेल तर ओल आहे आणि रंगाखाली बुरशी धरतेय, तिथं आधी गळती बंद करायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मगच पुढचं. टर्पेंटाईनचाच वास असेल तर बहुधा पहिला हात सुकायच्या आत दुसरा मारलाय किंवा थर फार जाड बसलाय. नखाने हलकेच दाबून बघा, खूण उमटली तर आत अजून मऊ आहे, त्याला ऊब, वारा आणि वेळ हवा.

खराब रंगाच्या भिंतीला नुसता नवीन रंग मारून उपयोग नाही, वास वर येतो. सैल झालेला रंग खरवडून काढा, लाखेपासून बनवलेला सीलर प्रायमर मारा, तो वास आत कोंडतो, आणि मग नवीन रंग द्या. या प्रायमरला स्वतःला स्पिरिटचा कडक वास असतो पण स्पिरिट लवकर उडतं, खिडक्या उघड्या ठेवल्या तर तो वास फार टिकत नाही.

पुढच्या वेळी कुठला रंग घेऊ?

भिंतींना पाण्याचा, कमी व्हीओसीचा. डब्यावर लिटरमागे किती ग्रॅम व्हीओसी ते लिहिलेलं असेल तर वाचा. अंदाज यावा म्हणून सांगतो, युरोपियन युनियनने आतल्या भिंतींच्या मॅट रंगाला २०१० पासून लिटरला ३० ग्रॅमची कमाल मर्यादा घातलीय, तर दारं-खिडक्यांच्या सॉल्व्हंटवाल्या रंगाला तीच ३०० ग्रॅम आहे. म्हणजे दाराला ऑईलपेंट घेतला की भिंतीवर केलेली काटकसर तिथं निघून जाते, दारालाही पाण्याचा इनॅमल मिळतो तो बघा.

‘लो ओडर’ आणि ‘लो व्हीओसी’ एक नाही, वास कमी असून रसायन जास्त असू शकतं. ‘झीरो व्हीओसी’ वाचूनही अगदी निर्धास्त होऊ नका, २५० अंश सेल्सिअसच्या वर उकळणारे पदार्थ युरोपच्या त्या मोजणीत धरलेच जात नाहीत, आणि दुकानात शेड बनवताना जो रंगद्रव घालतात त्यातही व्हीओसी असू शकतं, गडद शेडला जास्त. हात पातळ मारा आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ सोडा.

उरलेला रंग आणि चिंध्यांचं काय करू?

डब्याचं झाकण हातोडीने ठोकून घट्ट बसवा आणि डबा राहत्या खोलीबाहेर, उष्णतेपासून लांब ठेवा. थिनर, टर्पेंटाईन मोरीत किंवा गटारात ओतू नका, गाळून परत वापरता येतं, उरलेलं तुमच्याकडे घातक कचरा घेतात तिथं द्या. जवसाच्या तेलाने किंवा ऑईलपेंट, पॉलिशने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कचऱ्यात फेकू नका, त्या वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक चिंधी बाहेर सपाट पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.